सीमान्त उपयोगिता आणि माझा भाऊ

प्रथम वर्षाला असताना वर्गात आम्हाला पिगूचे एक उदाहरण सांगण्यात आले. एखाद्या गृहस्थाने आपल्या घरी पगारावर काम करणाऱ्या बाईशी लग्न केले, तर देशाचे राष्ट्रीय उत्पन्न तेवढ्याने घटते. कारण काम तेच राहते, पण पगार बंद होतो. वर्ग खो खो हसला. ‘सर, मग घटस्फोट झाला की वाढणार!’ असे मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, आणि त्यातच तास संपला. मीही हसले होते. घरी गेल्यावर मात्र ते उदाहरण हसण्यासारखे वाटेना. कारण आमच्या घरातून राष्ट्रीय उत्पन्न असेच एकदा घटले होते.

माझा धाकटा भाऊ सव्वाचार वर्षांचा होईपर्यंत त्याला ऐकू येत नाही हे आम्हा कोणालाच कळले नाही. ‘मामाही उशिराच बोलला होता,’ असे आजी म्हणे, आणि सगळ्यांना ते पटे. ताट आपटले की तो वळून पाही. जमिनीचा हादरा त्याच्या पायांना कळत असे, हे आम्हाला पुढे समजले. दोन वर्षे तो अंगणवाडीत जात होता. तिथे दर महिन्याला त्याचे वजन होई आणि तक्त्यावरची रेघ नेहमी हिरव्या पट्ट्यात असे. मूल गुटगुटीत, मग काळजी कशाची? त्या बाईंचा यात काडीचाही दोष नाही. त्यांना वजनाचा तक्ता दिला होता, कानाचा दिला नव्हता. अंगणवाडीतील मुले तपासायला आरोग्याचे पथक येते. ते एकदा आले तेव्हा हा नेमका मामाकडे होता. पुढच्या खेपेला मात्र त्यांनीच ओळखले.

त्यानंतर आईने शिवणकाम सोडले. ब्लाउज आणि फॉल-पिको यांवर तिला महिन्याकाठी जे चार पैसे मिळत, ते बंद झाले. आठवड्यातून दोन दिवस एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी जायचे, उरलेले दिवस घरी त्याच्यासमोर बसून तीच तीच वाक्ये बोलायची. राष्ट्रीय उत्पन्नाच्या वहीत तिचे शिवणकाम बसत होते, हे बोलणे बसत नाही. कानाच्या मशीनचे सेल, मूल वाढते तसा कान वाढतो म्हणून पुन्हा पुन्हा करावा लागणारा मोल्ड, एस.टी.चे भाडे या खर्चाला निदान पावत्या तरी आहेत. आईच्या तासांना पावती नाही. ‘संधी खर्च’ ही संज्ञा मी परीक्षेत पाच गुणांसाठी लिहिली, तेव्हा उदाहरण मात्र पुस्तकातलेच दिले : गहू की ऊस!

माझे म्हणणे मी आताच सांगून टाकते. अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करणाऱ्याला बालवयातील विशेष शिक्षण हा विषय थोडा तरी शिकायला मिळाला पाहिजे. आणि विशेष शिक्षणाची पदविका घेणाऱ्यांनाही थोडे अर्थशास्त्र शिकवले गेले पाहिजे. ही जोडी विचित्र वाटेल. मलाही वाटली असती, भावाच्या शाळेच्या ओसरीवर दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या बसून काढल्या नसत्या तर!

त्या ओसरीवरून वर्ग दिसे. बाई मुलांच्या समोर, त्यांच्याच उंचीला येऊन बसत. खिडकीकडे पाठ कधी करीत नसत, कारण तोंडावर उजेड हवा. ओठ दिसले नाहीत तर अर्धा शब्द गेला. एक चेंडू डब्यातून काढायचा, दाखवायचा, ‘चेंडू’ म्हणायचे, लपवायचा, पुन्हा काढायचा. कधी कधी एक शब्द पदरात पडायला आठवडा लागे. उत्पादकता मोजायची सवय लागलेल्या माझ्यासारखीला पहिल्या दिवशी हे पाहून चक्क दया आली. दुसऱ्या महिन्यात भाऊ डब्याकडे बोट दाखवून ‘चें’ म्हणाला, आणि त्या बाईंनी ते वहीत तारखेनिशी लिहून ठेवले. एवढ्या बारकाईने हिशेब ठेवणारा माणूस मी बँकेतही पाहिलेला नाही.

पण याच बाई एका कागदापुढे हतबल झालेल्या मी पाहिल्या. मदत देणाऱ्या एका संस्थेचा तो फॉर्म होता. त्यात ‘लाभार्थी संख्या’ आणि ‘दरडोई खर्च’ असे दोन रकाने होते. आठ मुले आणि एक शिक्षिका म्हणजे दरडोई खर्च भरमसाट. शेजारच्या ऐंशी मुलांच्या बालवाडीपुढे ही शाळा उधळी ठरणार. ‘अगं, हे कसं सांगायचं?’ असे त्यांनी मला विचारले. मी पहिल्यांदाच माझे पाठ केलेले ज्ञान वापरले. तुलना बालवाडीशी करायची नाही, हीच मुले सहाव्या-सातव्या वर्षी आली तर काय लागेल त्याच्याशी करायची, असे सांगितले. पण पुढचे वाक्य मला लिहिता येईना. उशीर झाल्याने नेमके काय जाते, हे मला कुठे ठाऊक होते? ते बाईंनी सांगितले. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू असा या क्षेत्रातला दंडक आहे. कारण भाषेचा पाया पहिल्या तीन-चार वर्षांत पडतो, आणि नंतर तोच पाया घालायला कितीतरी पट कष्ट पडतात. माझ्या भावाचे निदान त्या दंडकापेक्षा चार वर्षांनी चुकले होते. दोघींनी मिळून तो फॉर्म पुरा केला. एकटीला, मग ती कोणीही असो, तो जमला नसता.

इथे कोणी म्हणेल की अर्थशास्त्रज्ञांनी बालवयाकडे केव्हाच लक्ष दिले आहे. दिले आहे खरे. अमेरिकेत मिशिगन राज्यातील इप्सिलांटी गावी १९६२ ते १९६७ या काळात गरीब कृष्णवर्णीय घरांतील १२३ मुलांवर पेरी बालवाडीचा प्रयोग झाला. ५८ मुलांना तिसऱ्या-चौथ्या वर्षी चांगली बालवाडी मिळाली, ६५ मुलांना मिळाली नाही, आणि पुढे चाळिशीपर्यंत दोन्ही गटांचा मागोवा घेण्यात आला. २००० साली नोबेल मिळालेले जेम्स हेकमन आणि त्यांचे सहकारी यांनी हिशेब मांडला, तो दरसाल ७ ते १० टक्के परताव्याचा. हा आकडा आता जगभर सांगितला जातो. मीही तो मोठ्या उत्साहाने पाठ केला होता. मग या हिशेबात जमेला काय काय धरतात ते वाचले. त्यातली एक रक्कम अशी : बालवाडीत गेलेल्या मुलांपैकी पुढे कमी मुलांना विशेष शिक्षण द्यावे लागले, तेवढा खर्च वाचला! शिवाय मुले निवडतानाच शारीरिक दोष असलेली मुले वगळण्यात आली होती. म्हणजे ज्या हिशेबाच्या जोरावर मी माझ्या भावाची बाजू मांडणार, त्या हिशेबात माझा भाऊ वाचवण्याजोगा खर्च म्हणूनच येतो.

अमर्त्य सेन यांनी १९७३ सालच्या आपल्या विषमतेवरील पुस्तकात एक साधे उदाहरण दिले आहे. दोन माणसे आहेत. एक धडधाकट, दुसरा अपंग. त्याच पैशातून दुसऱ्याला पहिल्याच्या निम्मीच उपयोगिता मिळते. एकूण उपयोगिता जास्तीत जास्त करायची तर आपला समसीमान्त उपयोगितेचा नियम काय सांगतो? धडधाकटाला अधिक द्या, अपंगाला कमी! आधीच कमी असलेल्याला आणखी कमी. आम्ही हा नियम संत्री आणि केळी घेऊन शिकतो, आकृती काढतो, दहा गुण घेतो. तो नियम एखाद्या मुलाला लावला तर काय होईल, हा प्रश्न तीन वर्षांत एकदाही माझ्या प्रश्नपत्रिकेत आला नाही. आमच्या गुरुजनांविषयी मला आदर आहे. त्यांनी नेमलेले शिकवले. पण जे नेमले आहे त्यात काही चूक आहे, एवढे म्हणायला विद्यार्थिनीला हरकत नसावी.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले; एकूण लोकसंख्येच्या सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. सहा वर्षांखालील मुलांत मात्र ही संख्या सुमारे २० लाख, म्हणजे सव्वा टक्का. एवढा फरक का? वय वाढते तसे अपंगत्व वाढते, हे एक उत्तर. दुसरे उत्तर आमच्या घरात ताटे वाजवीत होते. आकडा वाचणाऱ्याला हे दुसरे उत्तर सुचण्यासाठी त्याने आयुष्यात एकदा तरी अशा वर्गात बसायला हवे.

२०२० च्या शैक्षणिक धोरणामुळे मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घेण्याची सोय झाली आहे. आमच्या यादीत अर्थशास्त्राला जोडून राज्यशास्त्र आहे, भूगोल आहे, इतिहास आहे. बालशिक्षणाचा विषय काढला तेव्हा एका सरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि रास्त शंका काढली : विशेष शिक्षक व्हायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम हवा, नोंदणी हवी, चार श्रेयांकांत शिकलेले अर्धवट ज्ञान मुलाला अपाय करील. हे मला मान्य आहे. माझ्या भावासमोर चेंडू घेऊन बसायला मी स्वतःलाही पात्र समजत नाही. मला शिकवायचे नाही, पाहायचे आहे. तीस तास वर्गात, तीस तास अशा शाळेच्या ओसरीवर, आणि शेवटी एका शाळेचा जमाखर्च त्या शाळेच्या शिक्षिकेबरोबर बसून मांडायचा. परीक्षा याचीच घ्यावी. ज्या तासिकांत आम्ही ‘व्यक्तिमत्त्व विकास’ करतो त्यांतल्या काही यासाठी सहज निघतील, आणि व्यक्तिमत्त्वाचे फारसे नुकसान होईल असे वाटत नाही.

‘याने नोकरी लागते का?’ असे मैत्रिणी विचारतात. नुसत्या अर्थशास्त्राने कुठे लागते, हे उत्तर मी देत नाही. ते लागट होईल. परंतु जिल्हा परिषदेत, स्वयंसेवी संस्थांत, बँकांच्या सामाजिक निधीच्या कामात असे फॉर्म तयार करणारी माणसे असतातच, आणि त्यांतली बरीच आपल्यासारखीच पदवीधर असतात. ‘लाभार्थी संख्या’ हा रकाना त्यांच्यापैकीच कोणीतरी आखलेला असतो.

या मागणीचा अर्ज मी कार्यालयात दिला आहे. आतापर्यंत अकरा सह्या झाल्या आहेत, त्यांतल्या दोन प्राध्यापकांच्या. अर्जाची प्रत ग्रंथालयात नियतकालिकांच्या टेबलावर ठेवली आहे. भाऊ यंदा सातवीत आहे. अर्ज लिहिताना तो शेजारी बसला होता. ‘श्रेयांक’ म्हणजे काय, असे त्याने मला दोनदा विचारले. पहिल्यांदा मी खाली मान घालून उत्तर दिले होते.