वाट अडविली कोणीं ?

जगाच्या इतिहासाविषयीं सुशिक्षित घरांतून जे ठराविक प्रश्न वारंवार विचारले जातात, त्यांत "युरोपीय लोकांना हिंदुस्थानचा जलमार्ग शोधावा कां लागला ?" या प्रश्नाचा मान बराच वरचा आहे. त्याचें उत्तर तर प्रश्न पुरा होण्यापूर्वींच मुलांच्या ओठांवर येतें : १४५३ सालीं तुर्कांनीं कॉन्स्टँटिनोपल घेतलें, पूर्वेकडील व्यापाराची वाट बंद झाली, म्हणून युरोपला नवी वाट शोधणें भाग पडलें. स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शिकांत हें उत्तर ठळक टाइपांत छापलेलें असतें. परीक्षक त्याला पूर्ण गुण देतात. आणि ज्या पालकांनीं तें आपल्या लहानपणीं घोकलें, तेच आज तें आपल्या मुलांकडून घोकून घेतात. वंशपरंपरेनें चालत आलेल्या वतनाप्रमाणें हें उत्तर निर्वेधपणें उपभोगलें जात आहे. या वतनाची सनद एकदां तपासून पाहावी असें आम्हीं योजिलें आहे. आणि ती खोटी आहे हें आमचें मत आरंभींच सांगून टाकण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

प्रथम नुसते सनच पाहूं. कॉन्स्टँटिनोपल पडलें तें २९ मे १४५३ या दिवशीं. पोर्तुगीजांनीं आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील सेउटा शहर जिंकलें तें १४१५ सालीं. पश्चिम किनाऱ्यावरील बोजाडोर भूशिर त्यांच्या खलाशांनीं ओलांडलें तें १४३४ सालीं. आणि आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांचा बाजार पोर्तुगालच्या लागोस बंदरांत भरला तो १४४४ सालीं. म्हणजे सुलतान दुसरा महंमद याच्या तोफा कॉन्स्टँटिनोपलच्या तटासमोर उभ्या राहण्यापूर्वीं ३८ वर्षें हा उद्योग सुरू झालेला होता ! त्या वेळीं या दर्यावर्दी मंडळींच्या डोळ्यांपुढें हिंदुस्थान होतेंच असें नाहीं. गिनीचें सोनें, गुलाम आणि मूर लोकांशीं धर्मयुद्ध यांनींच त्यांचें मन व्यापलें होतें. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गांठ पडली, तर लोक कावळ्याला दोष देतात, हें आपण काकतालीय न्यायानें जाणतों. येथें तर फांदी आधींच तुटली आणि कावळा मागाहून येऊन बसला. तरीही दोष कावळ्यावरच!

आतां नकाशा उघडूं. मलबारचें मिरें युरोपांत जाई तें मुख्यतः एडनवरून तांबड्या समुद्रांत, तेथून कैरो व अलेक्झांड्रिया येथें, आणि अलेक्झांड्रियाहून व्हेनिसच्या गलबतांतून. दुसरी वाट इराणच्या आखातांतून सिरियाच्या बंदरांकडे जाई. या दोन्ही वाटांच्या तोंडाशीं राज्य होतें तें ईजिप्तच्या मामलूक सुलतानांचें. कॉन्स्टँटिनोपल घेणाऱ्या ऑटोमन तुर्कांचें नव्हे. तुर्कांनीं सिरिया घेतला १५१६ सालीं आणि ईजिप्त १५१७ सालीं. तोंपर्यंत व्हास्को द गामाला कालिकतास पोंचून १९ वर्षें आणि आल्बुकर्काला गोवा घेऊन ७ वर्षें लोटलीं होतीं. कॉन्स्टँटिनोपल पडल्यामुळें काळ्या समुद्रावरील व्यापाराला धक्का बसला, १४७५ सालीं जिनोआवाल्यांची काफा ही वसाहतही गेली, हें आम्हांस मान्य आहे. पण मिऱ्याची मोठी वाट तेथून शेंकडों कोस दक्षिणेला होती. आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं, असा हा प्रकार आहे.

बरें, ज्यांच्या ताब्यांत कॉन्स्टँटिनोपल आलें त्या तुर्कांना तरी व्यापार बंद पाडावयाचा होता काय ? पुढच्याच वर्षीं, १४५४ सालीं, सुलतानानें व्हेनिसशीं तह करून त्यांच्या व्यापाऱ्यांना आपल्या राज्यांत मुभा दिली. जकातीवर ज्याचा खजिना भरतो, तो राजा व्यापाऱ्याला हांकलून देत नाहीं, एवढा व्यवहार सुलतानाला कळत होता. पुढें १४६३ ते १४७९ पर्यंत या दोघांत युद्ध झालें हें खरें. परंतु अलेक्झांड्रियाचा बाजार त्या सुलतानाच्या हातांतच नव्हता. वाट बंद झाली असती तर माल महागला असता, हें वाण्याचें पोरही सांगेल. लायबायर या इतिहासकारानें १९१५ सालींच दाखवून दिलें कीं, १४५३ नंतर गामाच्या सफरीपर्यंत युरोपांत मसाल्याचे भाव त्या कारणानें चढलेले दिसत नाहींत. या गोष्टीला शंभरांवर वर्षें उलटलीं. मार्गदर्शिकांच्या कर्त्यांना मात्र ती अद्याप कळावयाची आहे.

भावांवर ज्यांचा विश्वास नसेल त्यांनीं माणसें पाहावीं. कॉन्स्टँटिनोपल पडून सुमारें १६ वर्षें झालीं असतां अफानासी निकितिन नांवाचा रशियन व्यापारी कास्पियन समुद्र, इराण व होर्मुझ या मार्गानें आपल्या चौल बंदरांत उतरला आणि जुन्नर व बीदर पाहून गेला. १४८७ सालीं पोर्तुगालचा राजा दुसरा जॉन यानें पेरो द कोव्हिल्यां यास गुप्तपणें पूर्वेकडे धाडलें. तो गेला कोणत्या वाटेनें ? अलेक्झांड्रिया, कैरो व एडन या वाटेनेंच; आणि तो कण्णानूर, कालिकत व गोवा येथें पोंचलाही. म्हणजे जी वाट बंद झाल्यामुळें पोर्तुगीज हवालदिल झाले असें आम्हांस शिकविण्यांत येतें, त्याच वाटेनें त्यांच्या राजाचा हेर व्यापाऱ्याच्या वेषांत बिनबोभाट येऊन गेला ! आणि १४९८ सालीं गामाचा माणूस कालिकतच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हां त्याला भेटले कोण, तर कॅस्टिलची व जिनोआची भाषा बोलणारे ट्यूनिसचे दोन मूर. वाट इतकी उघडी होती कीं, भूमध्य समुद्राच्या कांठचीं माणसें मलबारांत आधींच येऊन राहिलीं होतीं.

मग वाट अडविली कोणीं ? या प्रश्नाचें उत्तर गोव्याच्या व कोंकणच्या किनाऱ्यावर राहिलेल्यांना निराळें सांगावयास नको. तांबड्या समुद्राच्या तोंडाशीं पहारे बसविले ते पोर्तुगीजांनीं. १५०२ सालीं मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचें जहाज माणसांसह जाळलें तें गामानें. १५१३ सालीं एडनवर हल्ला केला तो आल्बुकर्कानें. तो फसला, पण १५१५ सालीं होर्मुझ त्यानें कबजांत घेतलें. आमच्या समुद्रांत आमच्याच जहाजांनीं फिरावयाचें तर त्यांचा कार्ताज, म्हणजे परवाना, विकत घ्यावा असा दंडक त्यांनीं घातला. आणि अकबर बादशहाच्या घराण्यांतील स्त्रियांनासुद्धां हजला जातांना तो परवाना मिळेपर्यंत सुरतेस खोळंबून राहावें लागलें. उलटपक्षीं, ईजिप्त तुर्कांच्या हातीं आल्यानंतर, सोळाव्या शतकाच्या मध्यास, तांबड्या समुद्राचा व्यापार पुन्हां वाढीस लागला आणि अलेक्झांड्रियांत मिरें पूर्ववत् येऊं लागलें. एकंदरींत ज्यानें वाट अडविली तो निर्दोष, आणि ज्याच्या राज्यांत ती पुन्हां वाहती झाली तो अपराधी, असा हा न्याय आहे.

यावर पूर्वपक्ष असा कीं, मुलांना एवढा काथ्याकूट कशाला ? त्यांना एक सोपें कारण पुरे. यावर आमचें म्हणणें इतकेंच कीं, सोपें निराळें आणि खोटें निराळें. खरें उत्तरही फारसें लांब नाहीं. मिऱ्याची वाट चालू होती. पण तिच्यावरील नफा ईजिप्तचा सुलतान व व्हेनिसचे व्यापारी यांच्या पदरांत पडत होता, आणि पोर्तुगालला तो स्वतः हवा होता. त्यास आफ्रिकेंतील सोन्याचा लोभ, धर्मयुद्धाचा आवेश आणि पिढ्यान् पिढ्यांचें नौकानयनाचें ज्ञान यांची जोड मिळाली. हें उत्तर लिहावयास चार ओळी लागतात. चुकीचें उत्तर लिहावयास दोन. या दोन ओळींच्या काटकसरीसाठीं आपण सत्य विकावें काय ?

आणि येथें केवळ सनावळीची चूक आहे असें कोणीं समजूं नये. "भाग पडलें" या दोन शब्दांत सर्व विष आहे. ज्याला कांहीं करणें भाग पडलें, त्याला जाब विचारतां येत नाहीं. तुर्कांनीं दार लावलें, बिचारा युरोप दुसरें दार शोधावयास निघाला, आणि पुढें जें झालें तें आपोआप झालें, अशी ही कथा आहे. तींत जाळलेलें जहाज दिसत नाहीं, लागोसचा बाजार दिसत नाहीं, कार्ताजाचा जुलूम दिसत नाहीं. दिसतो तो फक्त एक तिऱ्हाईत, ज्याच्या माथीं सर्व खापर फोडून आपण मोकळे होतों. मनुष्यें आपल्या इच्छेनें, लोभानें व धैर्यानें जीं कृत्यें करितात त्यांना भूकंपाच्या मालिकेंत बसविणें, हाच या एकओळी उत्तरांचा मोठा अपराध होय. ज्या मुलाला इतिहासांत कोणीच कर्ता दिसत नाहीं, तो पुढें नागरिक झाल्यावर आपल्या काळांतील कर्त्यांना तरी जाब कसा विचारणार ?

म्हणून आमच्या वाचकांस आमची विनंति आहे. घरांतील मुलगा किंवा मुलगी असें ठळक टाइपांतील उत्तर म्हणूं लागली, तर तिला तीन गोष्टी विचाराव्या : आधींचें कोणतें आणि नंतरचें कोणतें, तें सन लावून दाखीव, वाट कोठून जात होती, तें नकाशावर दाखीव, आणि नफा कोणाच्या पेटींत गेला, तें सांग. यासाठीं मोठें ग्रंथालय लागत नाहीं. एक नकाशा आणि थोडी चिकाटी पुरते. या तीन कसोट्यांवर जें टिकेल तें मुलांनीं खुशाल पाठ करावें. जें टिकणार नाहीं त्याला, परीक्षेंत कितीही गुण मिळोत, इतिहास म्हणूं नये.