पोरांची मस्ती, पोरींची अब्रू

‘एवढं काय मनावर घेता? हलकाफुलका सिनेमा आहे, हसा आणि सोडून द्या!’ ‘बॉईज’बद्दल तक्रार केली की हे उत्तर ठरलेले. मैत्रिणींनो, हसायला आपली मुळीच ना नाही. ‘या बायांना विनोद कळत नाही’ हा शिक्का चळवळीवर पहिल्यापासून मारला गेला आहे. पण कुणाच्या जिवावर हसायचे, हे विचारण्याचा हक्क आपण सोडलेला नाही.

विशाल देवरुखकर यांचा ‘बॉईज’ २०१७ साली आला. आईशी न पटणारा अबोल कबीर निवासी शाळेत येतो आणि धैर्या-ढुंग्या या उनाड जोडगोळीशी त्याची गट्टी जमते. पुरुषाला रडूही न देणाऱ्या आपल्या समाजात मुक्या पोराला बोलते करणारे मित्र मिळणे ही काही लहान गोष्ट नव्हे. पण हशा आणि टाळ्या कशावर मिळवल्या? द्व्यर्थी संवादांवर आणि सनी लिओनीच्या हनिमूनच्या गाण्यावर! शाळकरी पोरांच्या गोष्टीत हे गाणे कशासाठी? बाईचे शरीर मांडल्याखेरीज मुलगे वयात येतच नाहीत का? हा मसाला खपला आणि २०१८, २०२२, २०२३ अशी पुढच्या भागांची रांग लागली.

‘त्या वयातली पोरं अशीच असतात’ म्हणणाऱ्यांनी अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ पाहावा. ‘बॉईज’मधला ढुंग्या, म्हणजे पार्थ भालेराव, ‘किल्ला’त वात्रट बंड्या आहे. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेला घुमा चिन्मय आणि हा बंड्या, जोडी तितकीच विजोड. आपण तिथेही पोटभर हसतो. पण चिन्मयची आई (अमृता सुभाष) नुसती ‘आई’ नाही. ती एकटी संसार ओढणारी, कचेरीतले ताण सोसणारी बाई आहे, आणि तिचे एकटेपण आपल्याला दिसत राहते. या चित्रपटाला २०१५ साली उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. म्हणजे बाईला माणूस म्हणून दाखवूनही पोरांची गोष्ट सांगता येते. नट तोच. फरक आहे तो बघणाऱ्याच्या नजरेचा.

आणि पोरींचे काय? शिरूर तालुक्यात भीमेकाठच्या वडगाव रासाईत मुलींशी बोलताना हाच प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. भावांच्या उनाडक्या घरात कौतुकाने सांगितल्या जातात. मुलगी शाळेतून अर्धा तास उशिरा आली की उलटतपासणी, आणि कुणा मुलाशी बोलताना दिसली की स्थळे बघायला सुरुवात! उसातल्या बिबट्याचे भय या भागात खरेच आहे. पण बिबट्या काही मुलगा-मुलगी बघून झडप घालत नाही. दिवेलागणीच्या आत घरात यायचे ते मात्र पोरींनीच. मुलग्याची चूक म्हणजे ‘वय’, मुलीची चूक म्हणजे ‘अब्रू’. त्या अब्रूपायी तिचे शिक्षण सुटते. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा कागदावर राहतो आणि अठरा पुरी व्हायच्या आत तिच्या हाताला हळद लागते.

‘मग ‘गर्ल्स’ही काढला की!’ असे सांगतात. काढला, २०१९ साली, त्याच दिग्दर्शकाने. पण मुलांचा चावटपणा मुलींनाही वाटून दिला की समता आली, असे आम्ही मानत नाही. आमच्या मुलींना हवी आहे सायकल, मैत्रिणीच्या गावी जाण्याची मुभा, आणि एकदा चुकून पुन्हा शाळेत जाता येईल एवढी माफी.

बंदीची मागणी मी करत नाही. सेन्सॉरची कात्री बाईच्या बाजूने चालते, हा भ्रम आपण केव्हाच सोडला. मी म्हणते, गावोगावच्या गटांनी हे दोन्ही चित्रपट मुलामुलींना एकत्र बसवून दाखवावेत आणि तीनच प्रश्न विचारावेत. कोण हसले? कुणाला हसले? आणि हेच एखाद्या मुलीने केले असते, तर दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली असती का? तिसऱ्या प्रश्नाला मुलगे गप्प होतील. तिथून पुढे बोलायला लागूया.