जुनी संस्था, नवा कायदा : आपल्या विहाराच्या ट्रस्टची नोंदणी जिवंत आहे का?

"आमची संस्था जुनी आहे, नवा कायदा आम्हाला कशाला लागेल?" हे वाक्य विहार समित्यांच्या बैठकीत नेहमी ऐकू येते. पण जुन्या संस्थेचे काय करायचे, हे प्रत्येक नवा कायदा स्वतः ठरवतो.

डॉ. बाबासाहेबांनी 8 जुलै 1945 रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, तेव्हा संस्थांसाठी 1860 चा सोसायटी नोंदणी कायदा होता. 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला आणि धर्मादाय हेतूच्या अशा जुन्या सोसायट्याही 'सार्वजनिक न्यास' या व्याख्येत आल्या. म्हणूनच महाराष्ट्रात आपल्या बहुतेक संस्थांकडे दोन-दोन नोंदणी प्रमाणपत्रे असतात. कंपनी कायद्याने वेगळी वाट धरली. 1956 च्या कायद्यातील कलम 25 च्या ना-नफा कंपन्या 2013 च्या कायद्यात कलम 8 खाली आपोआप पुढे चालू राहिल्या.

आयकर खात्याने मात्र आपोआप काहीच दिले नाही. पूर्वी 12अ नोंदणी एकदा मिळाली की कायमची असे. 2020 च्या वित्त कायद्याने ती पद्धत मोडली. 1 एप्रिल 2021 पासून जुन्या संस्थांनाही 10ए फॉर्म भरून नव्याने नोंदणी घ्यावी लागली, तीही फक्त पाच वर्षांसाठी. मुदतवाढ वारंवार मिळाली, शेवटची 30 जून 2024 पर्यंत. ज्यांची पाच वर्षे मार्च 2026 ला संपत होती, त्यांना सहा महिने आधीच नूतनीकरणाचा अर्ज करायचा होता. त्यात 1 एप्रिल 2026 पासून 1961 चा आयकर कायदा जाऊन 2025 चा नवा कायदा लागू.

हे नुसते कागदी काम नाही. 2023 च्या दुरुस्तीनंतर, नोंदणी असलेल्या संस्थेने मुदतीत नूतनीकरण मागितले नाही, तर तिच्या मालमत्तेच्या बाजारभावातून देणी वजा करून उरलेल्या रकमेवर कमाल दराने कर लागू शकतो. शहरातल्या विहाराची जागा डोळ्यांसमोर आणा. वर्गणीतून, लोकांच्या घामाच्या पैशातून घेतलेली ती जागा आज कोणत्या भावाची आहे? दानपेटीत तेवढे पैसे कधीच नसतात.

आपल्याकडे खरी गाठ धर्मादाय कार्यालयात बसते. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिला जात नाही, किंवा दोन गटांच्या वादात वर्षानुवर्षे पडून राहतो. परिशिष्ट 1 वर दिवंगत विश्वस्तांची नावे तशीच राहतात. मग आयकराच्या अर्जावर सही कोणी करायची? सरकारला दोष देण्याआधी हा दोष आपल्या घरातला आहे, हे मान्य करावे लागेल. अर्थात, सीए परवडत नसलेल्या वस्तीतल्या ट्रस्टला आणि कोट्यवधींच्या संस्थेला एकाच मापाने मोजणेही न्यायाचे नव्हतेच. 2025 मध्ये थोडी सुधारणा झाली. आधीच्या दोन्ही वर्षांत पाच कोटींच्या आत उत्पन्न असलेल्या संस्थांना आता दहा वर्षांची नोंदणी मिळू शकते.

मुदत हुकली असेल तर विलंबमाफी मागता येते, पण कारण पटणारे हवे. तरुण कार्यकर्त्यांनी येत्या बैठकीत तीन कागद मागावेत : परिशिष्ट 1 चा ताजा उतारा, 12अ चा आदेश आणि 80जी चा आदेश. शेवटच्या दोन्हींवरची अंतिम तारीख स्वतः वाचावी, सचिवांच्या तोंडी उत्तरावर थांबू नये.