बाळ घरी निघाले; पुढची जबाबदारी कोणाची?

दरवर्षी १७ सप्टेंबर हा 'जागतिक रुग्णसुरक्षा दिन' म्हणून पाळला जातो. २०२५ साली जागतिक आरोग्य संघटनेने या दिनासाठी नवजात अर्भके व बालके यांच्या सुरक्षित उपचारांचा विषय निवडला होता. महाराष्ट्राला या विषयाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात काळजी कक्षाला आग लागून दहा अर्भकांचा बळी गेला, तेव्हा अवघे राज्य हळहळले होते. रुग्णालयाच्या भिंतीआडच्या सुरक्षिततेबद्दल त्यानंतर पुष्कळ बोलले गेले. मात्र त्याच कक्षातून बरे होऊन बाळ घरी निघते, तेव्हा त्याच्या सुरक्षिततेचे काय होते, या प्रश्नाकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही.

नमुना नोंदणी पाहणीच्या २०२० च्या अहवालानुसार देशात दर हजार जिवंत जन्मांमागे २० बालके पहिल्या २८ दिवसांत दगावत होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ११ होते. २०१४ च्या राष्ट्रीय नवजात कृती आराखड्याने २०३० पर्यंत हा आकडा एकअंकी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. केवळ कक्ष व यंत्रे वाढवून ते गाठता येणार नाही. अपुऱ्या दिवसांचे किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ काचेच्या पेटीतून बाहेर आले, तरी त्याचा धोका संपलेला नसतो.

घरी सोडण्यापूर्वी

बाळाला घरी केव्हा सोडावे याचे निकष डॉक्टरांना ठाऊक असतात. त्याचे वजन सलग काही दिवस वाढत असावे, यंत्राच्या उबेविना अंग उबदार राहावे, श्वास मध्येच थांबू नये आणि अंगावर किंवा वाटी-चमच्याने ते पुरेसे दूध घेत असावे. याच्या जोडीला आणखी एक निकष तितकाच महत्त्वाचा आहे. बाळाची काळजी घेण्यास आई तयार झाली आहे काय? कित्येक आठवडे जिने आपले मूल काचेपलीकडूनच पाहिले, तिला एका दुपारी कागद व औषधाची बाटली देऊन वाटेला लावणे म्हणजे सुरक्षित पाठवणी नव्हे. बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची 'कांगारू' पद्धत तिने रुग्णालयातच स्वतः करून पाहिलेली असली पाहिजे. घरी आजी असेल तर तिलाही सोबत बसवून सांगितले पाहिजे. कारण बाळघुटी, धुरी, तेल चोळून कढत पाण्याची आंघोळ हे निर्णय पुष्कळ घरांत आजीच घेते. ती हे सारे मायेपोटीच करते. परंतु दीड-दोन किलोच्या जिवाला ते सोसवत नाही.

निसटणारे दुवे

खरी अडचण रुग्णालय आणि घर यांच्यामधल्या वाटेवर आहे. पहिला प्रश्न पत्त्याचा. केसपेपरवर सासरचे गाव असते आणि बाळंतीण जाते माहेरी. सासरच्या गावची आशाताई दार ठोठावून परत फिरते, माहेरच्या आशाताईला बाळाची खबरच नसते.

दुसरा प्रश्न स्थलांतराचा. जव्हार-मोखाड्याची अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर कामासाठी जातात. मुलांमधील जन्मजात दोष व विकासातील विलंब हुडकणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये ज्या पालघरमधून सुरू झाला, तेथील हे वास्तव आहे.

तिसरा प्रश्न खासगी रुग्णालयांचा. बिलाचा आकडा फुगत जातो, दागिने गहाण पडतात आणि अखेर 'आमच्या जबाबदारीवर नेतो' अशी सही करून बाप बाळाला घरी आणतो. अशा बाळामागे ना पूर्ण उपचार असतात, ना पुढील भेटीची तारीख.

चुकलेल्या तारखेची किंमत किती असू शकते, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासावा लागतो. दोष वेळेत सापडला तर लेझर उपचाराने दृष्टी वाचू शकते. बाळ वरकरणी धडधाकट दिसते, म्हणून तपासणी राहून जाते आणि मूल आयुष्यभरासाठी अंध होऊ शकते.

गडचिरोलीचा धडा

यावर उपाय शोधण्यासाठी दूर जायला नको. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्यास शिकवले. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये केंद्र शासनाने हाच मार्ग देशभर स्वीकारला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यावी, असे ठरले. त्याच वर्षी सुरू झालेल्या जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाला सरकारी रुग्णालयात मोफत उपचार व घरी पोहोचवण्यासाठी मोफत वाहन देण्याची तरतूद झाली.

म्हणजे योजना आहेत, माणसेही आहेत. उणीव आहे ती दोघांना जोडणाऱ्या निरोपाची. बाळ कक्षातून निघण्यापूर्वी ते प्रत्यक्षात ज्या घरी जाणार आहे तेथील आशाताईला फोन जाणे, कार्डावर वजन, औषधे, लसी व डोळे-कान तपासणीच्या तारखा लिहिलेल्या असणे आणि ही जबाबदारी कक्षातील एका ठरावीक परिचारिकेकडे असणे, एवढ्याने पुष्कळ साधेल. खासगी रुग्णालयांनाही हा नियम लागू व्हायला हवा.

आपणही येथे केवळ प्रेक्षक नाही. आपल्या धर्मग्रामात, आळीत किंवा शेजारच्या चाळीत असे बाळ घरी आले तर त्याची खबर आशाताईला द्यावी. बाळ पाहायला गर्दी करू नये, हात धुतल्याविना त्याला घेऊ नये. ते दूध ओढेनासे झाले, अंग थंड किंवा तापलेले लागले, श्वास जोरात चालू लागला, झटके आले किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. रात्री गाडी काढण्याची तयारी शेजाऱ्याने दाखवावी. रुग्णालयाने बाळाला निरोप द्यायचा नसतो, त्याला विश्वासू हाती सुपूर्त करायचे असते. त्यासाठी ते हात घरी, शेजारी व गावात तयार असले पाहिजेत.