बाकावरची उंची



यंदा या सदरात मी बास्केटबॉलवर लिहिणार आहे, असं संपादकांना फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली. मग त्या हळूच म्हणाल्या, "अगं, फराळाचं काही असेल तर तेही चालेल हं." पण फराळावर लिहिणाऱ्या आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या चकल्या माझ्यापेक्षा चांगल्या होतात. त्यामुळे आजी-आजोबांनी आणि भारतातल्या नातेवाइकांनी घाबरून पान उलटू नये. नियम मी सांगते, तुम्ही चहा घेऊन बसा.

आम्ही शार्लटला राहतो. इथून दीड तासावर कोलंबिया हे गाव आहे आणि तिथे साऊथ कॅरोलायना विद्यापीठाचा मुलींचा संघ आहे. नाव गेमकॉक्स, म्हणजे चक्क झुंजीचे कोंबडे. त्यांच्या प्रशिक्षक डॉन स्टेली स्वतः तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवलेल्या खेळाडू. २००८ साली त्या इथे आल्या आणि २०१७, २०२२, २०२४ अशी तीन वेळा राष्ट्रीय विजेतेपदं या संघाला मिळाली. आमच्या भागात मुलींच्या सामन्याला अठरा-अठरा हजारांचं स्टेडियम भरतं. शाळेत शिकवत असताना मुलींच्या खो-खोच्या सामन्याला मुख्याध्यापक आणि दोन आया एवढाच प्रेक्षकवर्ग पाहिलेल्या मला त्याचं अजून अप्रूप आहे.

आता खेळाकडे वळू. मैदानात एका वेळी पाच जणी. दहा-दहा मिनिटांचे चार डाव, म्हणजे एकूण चाळीस मिनिटं. पाचांतल्या दोघी-तिघी चेंडू खेळवत आणतात, लांबून नेम धरतात. उरलेल्या दोघी-तिघी उंच, धिप्पाड. त्या बास्केटच्या जवळ ठाण मांडतात. जवळून चेंडू टाकायचा, समोरच्यांचा अडवायचा आणि हुकलेला चेंडू उडी मारून परत मिळवायचा, म्हणजे रिबाउंड घ्यायचा, ही त्यांची कामं. यांना इथे फ्रंटकोर्ट म्हणतात. आपण पुढची फळी म्हणू.

बहुतेक कॉलेजांकडे अशी खरोखर चांगली मुलगी एक असते. नशीब असेल तर दोन. कारण साडेसहा फुटी, चपळ आणि हाताला गोडवा असलेल्या मुली काही झाडाला लागत नाहीत. साऊथ कॅरोलायनाकडे मात्र अशा मुली बाकावर बसलेल्या असायच्या.

माझे सासरे, आबा, तो हिवाळा आमच्याकडे होते. तरुणपणी कबड्डी खेळलेला माणूस. एकदा टीव्हीसमोर बसून विचारतात, "सूनबाई, ती एवढी उंच पोरगी बाहेर का बसवलीय? पाय दुखावलाय का तिचा?" ती होती कमिला कार्डोसो, उंची सहा फूट सात इंच. पाय ठणठणीत होता. तिच्या जागी अलियाह बॉस्टन खेळत होती, जी पुढे २०२३ साली व्यावसायिक लीगच्या निवडीत अख्ख्या देशात पहिली निवडली गेली. बॉस्टन दमली की कार्डोसो आत यायची. म्हणजे समोरच्या संघानं सात-आठ मिनिटं जीव तोडून एका उंच मुलीला थोपवावं, ती बाहेर जाताना दिसावी, सुटकेचा श्वास घ्यावा, आणि आत कोण येतंय, तर तिच्याहून दोन इंच उंच मुलगी! आबा मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हणजे ही आपली खो-खोतली तिसरी तुकडी!"

अगदी बरोबर. खो-खोत पळणाऱ्या मुली तीन-तीनच्या तुकड्यांनी आत येतात. पाठलाग करणाऱ्या मात्र त्याच असतात. तिसरी तुकडी ताजीतवानी येते तेव्हा पाठलाग करणाऱ्यांचे पाय जड झालेले असतात.

पण नुसत्या दमण्याचाच हा प्रश्न नाही. शाळेच्या पेपरात 'जोड्या लावा' असायचं, आठवतंय? अ गट, ब गट. बास्केटबॉलमध्ये समोरच्या प्रशिक्षकाला हाच प्रश्न सोडवायचा असतो. त्यांच्या कोणत्या मुलीला आपल्या कोणत्या मुलीनं धरायचं? २०२३-२४ च्या मोसमात साऊथ कॅरोलायनाच्या पुढच्या फळीत चौघी होत्या. कार्डोसो बास्केटकडे पाठ करून उभी राहणार आणि वळून चेंडू टाकणार. क्लोई किट्स हलकी, पळणारी, थोडं लांबूनही नेम धरणारी. ॲशलिन वॉटकिन्सची उडी अशी, की कॉलेजच्या सामन्यात डंक मारलेल्या मोजक्या मुलींत तिचं नाव आहे. आणि सानिया फेगिन, तिचा भर ताकदीपेक्षा नाजूक हातावर. कार्डोसोला धरायला तुम्ही तुमची सर्वात थोराड मुलगी लावलीत, तर पाच मिनिटांनी तिच्यासमोर किट्स असते आणि थोराड मुलगी तिच्यामागे धावताना धापा टाकते. चपळ मुलगी लावलीत, तर कार्डोसो तिच्या डोक्यावरून चेंडू घेते. पेपर सोडवत असताना ब गट बदलत राहिला तर विद्यार्थ्यांनं करायचं काय?

त्यात फाउलचा हिशेब. एका खेळाडूला पाच फाउल, मग ती बाहेर, त्या सामन्यापुरती संपली. ज्या संघाकडे दोनच उंच मुली, त्यांची शिल्लक दहा फाउलची. चौघी असतील तर वीस. दोनच असलेली मुलगी तिसरा फाउल होताच हात आखडून खेळते, कारण ती बाहेर गेली तर मागे कोणी नाही. चौघींतली मात्र बिनधास्त उडी मारते. एकाच प्रसंगी एकीला भीती वाटते आणि दुसरीला वाटत नाही, याचं कारण बाकावर कोण बसलंय यात असतं. स्वभावाचा त्यात फारसा वाटा नसतो.

मग अशा संघाला हरवायचं कसं? याचं उत्तर आयोवानं २०२३ च्या उपांत्य सामन्यात दिलं होतं. तोवर साऊथ कॅरोलायना त्या मोसमात एकही सामना हरली नव्हती. आयोवानं काय केलं, तर ज्यांना लांबून नेम जमत नाही त्यांना सरळ मोकळं सोडलं आणि आपल्या साऱ्या मुली बास्केटखाली गोळा केल्या. टाका लांबून, बघू! साऊथ कॅरोलायनानं त्या दिवशी ४९ रिबाउंड घेतले, आयोवानं २५. जवळजवळ दुप्पट. तरीही आयोवा ७७-७३ अशी जिंकली. केटलिन क्लार्कनं एकटीनं ४१ गुण केले. पुढची फळी कितीही दांडगी असो, लांबून मारणारं कोणी नसेल तर समोरचे दारच लावून बसतात, हा त्यातला धडा.

त्या सामन्यानंतर साऊथ कॅरोलायनाच्या सुरुवातीच्या पाचही मुली कॉलेज संपवून गेल्या. सगळ्यांना वाटलं, आता दोन-तीन वर्षं काही खरं नाही. पण बाकावरची कार्डोसो होती ना! बॉस्टनच्या मागे बसून, सरावात रोज तिच्याशीच झुंजून तयार झालेली. शिवाय ओरेगनहून ती-हिना पाओपाओ आली, जिचे लांबचे नेम जवळपास ४७ टक्के लागत. आता दार लावून बसायची सोय उरली नाही. कार्डोसोवर दोघी धावल्या की बाहेर पाओपाओ मोकळी, आणि पाओपाओकडे धावलं की आत कार्डोसो मोकळी.

२०२४ च्या उपांत्य सामन्यात मध्यंतराला एन. सी. स्टेट फक्त एका गुणानं मागे होती. कार्डोसोचा गुडघा दुखावला होता, ती लंगडत बाहेर गेली होती. एकाच खांबावर उभा असलेला संघ इथे कोसळला असता. इथे वॉटकिन्सनं त्या सामन्यात २० रिबाउंड घेतले, तिसरा डाव साऊथ कॅरोलायनानं २९-६ असा घेतला आणि सामना ७८-५९ असा संपला. कार्डोसोही परत येऊन २२ गुण करून गेली.

अंतिम सामना पुन्हा आयोवाशी. क्लार्कनं पहिल्याच डावात १८ गुण केले. आमच्या घरात सन्नाटा. पण चाळीस मिनिटं लांब असतात. शेवटी ८७-७५. रिबाउंड ५१ विरुद्ध २९. आणि तो आकडा, जो मी फ्रिजवर लावून ठेवलाय: बाकावरून आलेल्या मुलींचे गुण, साऊथ कॅरोलायना ३७, आयोवा शून्य. कार्डोसोचे १५ गुण आणि १७ रिबाउंड. त्या मोसमातले ३८ पैकी ३८ सामने जिंकले.

आता थोडं या कार्डोसोविषयी, कारण तिची गोष्ट आपल्यासारख्या घरांना लगेच कळेल. ती ब्राझीलमधल्या मोंतेस क्लारोस गावची. पंधराव्या वर्षी एकटी अमेरिकेत आली, तेव्हा तिला इंग्रजी येत नव्हतं. इथल्या कॉलेजच्या मैदानावर तिला खेळताना तिच्या आईनं आणि बहिणीनं पहिल्यांदा पाहिलं ते २०२४ च्या मार्चमध्ये, नियमित मोसमातल्या घरच्या मैदानावरच्या तिच्या शेवटच्या सामन्याला. इतकी वर्षं लेक साता समुद्रापार, आणि आई फोनवर. आपल्यातल्या किती आया हे वाचून चष्मा पुसतील, मला ठाऊक आहे.

आणि ही मुलगी इतकं सोडून आली, तीसुद्धा आधी बाकावर बसली. आपल्याकडे शनिवारच्या लीगचा सामना संपला की गाडीत पहिला प्रश्न असतो, "किती मिनिटं खेळवलं?" मी स्वतः ऐकलंय, पार्किंगमध्ये एक बाबा प्रशिक्षकाला विचारत होते, "माझ्या मुलीनं सुरुवात का केली नाही?" बाबांचा राग खोटा नव्हता. आपण इथवर आलो तेच पहिला नंबर काढून. पहिल्या बाकावर बसलेल्यांना हा दुसरा बाक कळायला वेळ लागतो.

बाकावर बसणं गोड असतं असं मी मुळीच म्हणणार नाही. एम. ए. करून, सहा वर्षं वर्गात उभं राहून, मग व्हिसाच्या नियमापायी घरात बसलेल्या बाईला ते कोणी शिकवू नये. 'सध्या काय करतेस?' या प्रश्नाला किती प्रकारांनी उत्तर देता येतं, यावर एक वेगळं सदर होईल. कॉलेजांतल्या कितीतरी मुलीही जागा मिळत नाही म्हणून दरवर्षी दुसरीकडे जातात, आणि त्यांचं काही चुकत नाही. बाकाला अर्थ येतो तो दोन अटींवर. एक, बसलेलीला खरोखर आत बोलावलं गेलं पाहिजे, सामना हातात असताना नव्हे तर अडचणीत असतानाही. दोन, तिचा सराव मैदानातल्या मुलीइतकाच कसून झाला पाहिजे. स्टेलीबाईंकडे या दोन्ही गोष्टी होतात, म्हणून तिथला बाक हा बाक राहत नाही, दुसरी फळी होतो.

आणि इथे मला आपल्या मंडळाकडे यायचं आहे. आपला गणपती, आपली दिवाळी, आपली रविवारची मराठी शाळा, हे सगळं किती जणांच्या खांद्यावर चालतं? बोटं मोजा, एका हाताची पुरतील. दुसऱ्या एका गावात माझी मैत्रीण मराठीचा वर्ग एकटी चालवायची. चौदा मुलं, पुस्तकं, गॅदरिंग, सगळं तीच. नवऱ्याची नोकरी बदलली, ते कुटुंब दुसऱ्या राज्यात गेलं. पुढच्या रविवारी वर्ग भरला नाही, त्यानंतरही नाही. तिथल्या पालकांचं मराठीवर प्रेम नव्हतं असं नाही. तिच्या मागे बाकावर कोणी नव्हतं, एवढंच. गंमत म्हणजे त्या चौदा घरांत दोन माजी शिक्षिका होत्या. त्यांना कधी कोणी आत बोलावलंच नव्हतं.

दुसरी फळी असली की दरवेळी जिंकताच असं नाही, हेही सांगायला हवं. २०२५ च्या एप्रिलमध्ये अंतिम सामन्यात कनेक्टिकटनं याच साऊथ कॅरोलायनाला ८२-५९ असं धुतलं. कार्डोसो पदवी घेऊन गेली होती आणि वॉटकिन्स जानेवारीत गुडघ्याच्या दुखापतीनं मोसमाबाहेर गेली. कुठल्याही फळीला मर्यादा असतेच. पण दोन मोठी माणसं नसताना संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला, हेही तितकंच खरं.

तेव्हा या दिवाळीत माझी एकच विनंती. मंडळात जी कामं तुम्ही एकट्या करता, त्यातलं एक काम यंदा दुसऱ्या कुणाला शिकवा, आणि ते तिला करू द्या. वाकडं झालं तरी हातातून काढून घेऊ नका. रविवारच्या शाळेत दुसऱ्या इयत्तेच्या वर्गासाठी मी माझं नाव दिलंय. माझ्यासोबत आणखी एक जण हवी आहे, मी नसेन त्या रविवारसाठी. उंचीची अट नाही.

तुम्हा सगळ्यांना, आणि हा अंक वाचणाऱ्या तिकडच्या घरच्यांना, दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा!