नेटवर्किंगचे प्रमाणपत्र आणि आपले तरुण

वकिलाच्या कचेरीत पूर्वी जमिनीचे, वारसाचे किंवा नोकरीतून निलंबित झालेल्यांचे कागद येत असत. ते आजही येतात. परंतु अलीकडे त्यांत एका नव्या कागदाची भर पडली आहे. संगणकाच्या नेटवर्किंगचे शिक्षण देणाऱ्या खाजगी क्लासचा प्रवेश-अर्ज, त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेल्या अटी आणि सोबत कर्जाच्या हप्त्यांचा तक्ता, असे ते कागद असतात. जाहिरातीत 'शंभर टक्के नोकरी' हे शब्द ठळक असतात. अर्जाच्या पाठीवर 'संस्था नोकरीची हमी देत नाही' असेही छापलेले असते. हा कागद घेऊन येणारा तरुण बहुधा आपल्या घरातील पहिला पदवीधर असतो आणि हप्ता त्याचे वडील भरीत असतात. पैसे परत मिळतील काय, असे तो विचारतो. त्याचे उत्तर पुढे देईन. परंतु प्रवेश घेण्यापूर्वीच विचारावयाचा असा दुसरा एक प्रश्न आहे : हे प्रमाणपत्र मिळविण्यास वस्तुतः किती खर्च येतो, आणि मिळाल्यावर त्याची किंमत किती?

ज्या परीक्षेविषयी आपल्याकडे सर्वांत जास्त बोलले जाते ती सिस्को ह्या अमेरिकन कंपनीची 'सीसीएनए'. ही परीक्षा १९९८ पासून आहे. २०२० च्या फेब्रुवारीत कंपनीने तिचे निरनिराळे पोटभेद रद्द करून एकच परीक्षा ठेविली. तिची फी ३०० डॉलर आहे. म्हणजे पंचवीस हजार रुपयांहून अधिक, आणि कर वेगळा. वेळ १२० मिनिटांचा. एकदा पुढे गेलेल्या प्रश्नाकडे मागे वळता येत नाही. उत्तीर्ण होण्यास किती गुण लागतात हे कंपनी जाहीर करीत नाही. मिळालेले प्रमाणपत्र तीन वर्षांनी संपते. ते पुन्हा परीक्षा देऊन किंवा ठराविक अभ्यासाचे गुण जमवून नवे करावे लागते. दुसरी परीक्षा कॉम्पटिया ह्या संस्थेची 'नेटवर्क प्लस'. ती कोणा एका कंपनीच्या यंत्रांशी बांधलेली नाही. ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात. सिस्कोने २०२३ साली ह्याहूनही खालच्या पायरीची 'सीसीएसटी' नावाची ५० मिनिटांची परीक्षा सुरू केली आहे.

ह्या परीक्षांची एक गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. सीसीएनएस बसण्याकरिता कोणतीही पदवी लागत नाही, कोणत्याही महाविद्यालयाचे नाव लागत नाही, आणि कोणत्याही क्लासची पावती लागत नाही. ओळखपत्र व फी एवढ्यावर परीक्षा-केंद्रात प्रवेश मिळतो. समोरच्या यंत्रास परीक्षार्थीच्या आडनावाशी यत्किंचितही कर्तव्य नसते.

दीड-दोन लाख रुपये भरल्यावाचून हे दार उघडत नाही, असा जो समज पसरविण्यात आला आहे तो त्यामुळेच खोटा ठरतो. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीमार्फत 'पॅकेट ट्रेसर' ही प्रणाली मोफत मिळते. तिच्यात राऊटर, स्विच व संगणक ह्यांचे पूर्ण जाळे पडद्यावर उभारून चालविता येते. खरी यंत्रे विकत घ्यावी लागत नाहीत. 'जेरेमीज् आयटी लॅब' ह्या नावाने संपूर्ण सीसीएनएचा, आणि 'प्रोफेसर मेसर' ह्यांचा नेटवर्क प्लसचा पाठ्यक्रम यूट्यूबवर विनामूल्य आहे. इंटरनेट ज्या नियमांवर चालते ते 'आरएफसी' नावाचे दस्तऐवज तर ७ एप्रिल १९६९ पासून एकामागून एक प्रसिद्ध होत आले असून कोणीही ते फुकट वाचावेत अशी व्यवस्था आहे. एका विद्येचे मूळ ग्रंथ सर्वांस खुले असणे ही गोष्ट आपल्या देशाच्या इतिहासात किती दुर्मिळ आहे, हे ह्या पाक्षिकाच्या वाचकांस सांगावयास नको. उणीव आहे ती भाषेची. सारे साहित्य इंग्रजीत आहे, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलास विषयापेक्षा वाक्यच प्रथम अडविते. क्लासचा खरा उपयोग असेल तर तो येथे आहे. त्यासाठी मात्र लाखांचा हिशेब नको, गावातील एखादा अनुभवी तंत्रज्ञ पुरेसा होतो.

अभ्यास कसा करावा ह्याविषयी बोलतो. एका नातलग मुलाबरोबर मी चार महिने हा पाठ्यक्रम वाचला, तेव्हा मला जे दिसले तेच सांगतो. परीक्षेचा चौथा हिस्सा, म्हणजे २५ टक्के भाग, एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात माहिती कशी पोहोचते ह्यावर आहे. नेटवर्कची मूलतत्त्वे आणि स्विचसंबंधीचा भाग प्रत्येकी २० टक्के. ह्या सर्वांच्या मुळाशी पत्त्यांची विभागणी आहे, जिला सबनेटिंग म्हणतात. आणि नेमका येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. वस्तुतः ती जमिनीच्या मोजणीहून कठीण नाही. पत्ता ३२ बिटांचा असतो. १९२.१६८.१०.० ह्या पत्त्यापुढे '/२६' असे लिहिले असेल, तर पहिले २६ बिट जाळ्याचे आणि उरलेले ६ बिट यंत्राचे समजावयाचे. सहा बिटांत ६४ क्रमांक बसतात. त्यांतील पहिला जाळ्याचे नाव म्हणून व शेवटचा सर्वांना एकदम हाक देण्यासाठी राखलेला असतो. यंत्रांस ६२ उरतात. म्हणजे पहिला तुकडा ० ते ६३, दुसरा ६४ ते १२७, असे चार तुकडे पडतात. आता एका यंत्राचा शेवटचा आकडा ६० आणि दुसऱ्याचा ७० असेल तर ती दोघे शेजारी दिसतात खरी, परंतु बांध ६४ वर पडलेला आहे. राऊटरच्या मध्यस्थीवाचून त्यांचे बोलणे होणार नाही. एखाद्या कारकुनाने ६० क्रमांकाच्या यंत्रावर '/२६' ऐवजी '/२४' लिहिले, तर ते यंत्र ७० ला आपल्याच तुकड्यातले समजून थेट हाक मारीत राहते आणि उत्तर येत नाही. तार ठीक, यंत्र ठीक, तरी काम बंद. कचेरीत असा प्रसंग आला म्हणजे ज्याने हे गणित कागदावर शंभरदा सोडविले आहे त्यास पाच मिनिटांत दोष सापडतो. ज्याने केवळ व्याख्या पाठ केल्या तो तार बदलीत बसतो.

म्हणून माझे म्हणणे असे की, रोज दोन तास बसणाऱ्या नव्या विद्यार्थ्याने चार ते सहा महिने धरावेत. त्यांतील निम्मा वेळ पॅकेट ट्रेसरवर जाळे उभारण्यात आणि मुद्दाम मोडण्यात घालवावा. मोडलेले जाळे दुरुस्त करता आले म्हणजे परीक्षेची तारीख घ्यावी, त्यापूर्वी घेऊ नये.

काही क्लासवाले ह्या श्रमाऐवजी 'डंप' विकतात. परीक्षेतून चोरून आणलेल्या प्रश्नोत्तरांच्या त्या फायली होत. परीक्षेपूर्वी प्रत्येक उमेदवार गुप्ततेच्या करारास मान्यता देतो, आणि त्याचा भंग उघडकीस आल्यास प्रमाणपत्र काढून घेण्याचा अधिकार कंपनीस आहे. तो करार क्लासने केलेला नसतो, विद्यार्थ्याने केलेला असतो. बुडतो तोही विद्यार्थीच. शिवाय मुलाखतीत समोरच्याने फळ्यावर दोन राऊटर काढून दाखविले की पाठ केलेले 'अ, क, ड' कामास येत नाही.

आता पैशांचा प्रश्न. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० मधील निर्णयात विद्यापीठे व महाविद्यालये ह्यांना ग्राहक कायद्याबाहेर ठेविले, परंतु शिकवणी-वर्ग तसे नाहीत, त्यांच्या सेवेतील उणिवेची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालू शकते, असेही म्हटले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी-वर्गांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. निवडीची वा नोकरीची खोटी हमी देणे त्यांत निषिद्ध ठरविले आहे. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही. जाहिरातीचे छायाचित्र, पावत्या आणि फोनवरील संदेश ज्याच्याजवळ आहेत त्याची बाजू उभी राहते. तोंडी आश्वासनावर विसंबलेल्याची फार अवघड होते.

राहिला प्रमाणपत्राच्या मोलाचा मुद्दा. प्रमाणपत्र म्हणजे नोकरीवरील हक्क नव्हे. वकिलाच्या भाषेत तो एक पुरावा आहे, आणि पुराव्याचे वजन तो कोणापुढे मांडला जातो ह्यावर ठरते. ज्याच्याजवळ अनुभव आहे, ओळखीचा अधिकारी आहे किंवा नामांकित महाविद्यालयाची पदवी आहे, त्यास ह्या कागदाचे फारसे अगत्य नाही. ज्याच्याजवळ ह्यांपैकी काहीच नाही, त्याचा अर्ज निदान वाचला जावा एवढे काम तो करितो. आणि ते काम लहान नाही. परदेशातील सल्ला मात्र येथे जसाच्या तसा उचलू नये. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००५ साली काही संगणक-पदांसाठी प्रमाणपत्रांची यादी ठरविली आणि नेटवर्क प्लसला त्या यादीत स्थान मिळाले. तेथील त्याच्या वजनास हे एक कारण आहे. आपल्याकडे तसा नियम नाही, आणि मुंबई-पुण्याच्या जाहिरातींत नाव असते ते बहुधा सीसीएनएचे. ज्यास दोहोंपैकी एकाचीच फी परवडते त्याने सीसीएनए द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. खालच्या पायरीच्या परीक्षेवर पैसे खर्चून मग वर चढण्यात अर्थ नाही. तिचा अभ्यास करावा, फी वाचवावी.

परीक्षेचे यंत्र आडनाव पाहत नाही, असे वर म्हटले. कचेरीतील माणसे पाहणारच नाहीत असे मात्र त्यावरून कोणी समजू नये. ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्कविषयक खात्याने ह्याच सिस्को कंपनीवर आणि तिच्या दोन अधिकाऱ्यांवर दावा लावला. एका दलित अभियंत्यास जातीवरून भेदभाव सोसावा लागला, असा त्यात आरोप होता. कंपनीने तो नाकारला. एप्रिल २०२३ मध्ये त्या दोघांविरुद्धचा दावा खात्याने मागे घेतला, कंपनीविरुद्धचा पुढे चालू ठेवला. त्यातील खरेखोटे ठरविणे हे न्यायालयाचे काम. परंतु ज्ञान सिद्ध केले म्हणजे जातीचा प्रश्न आपोआप मिटतो, ह्या भाबड्या समजुतीस त्या दाव्याने धक्का दिला हे खरे आहे. प्रमाणपत्र मिळविणारा तरुण आपले नेमणूकपत्र, पगारवाढीचे आदेश आणि वरिष्ठांचे लेखी शेरे जपून ठेवील, तर तो तंत्रज्ञासारखाच नागरिक म्हणूनही सावध राहील.

पहिली नोकरी बहुधा रात्रपाळीची असते. बँकेच्या किंवा दूरसंचार कंपनीच्या नियंत्रण-कक्षात बसून कोठे जोडणी तुटली हे पाहावयाचे, तक्रार नोंदवावयाची आणि वरच्या तंत्रज्ञास कळवावयाचे. पगार जाहिरातीतील आकड्याहून पुष्कळ कमी असतो. ह्या नोकरीची तयारी नसेल तर फी भरू नये. असेल, तर तीच दोन वर्षे खरी शाळा असतात, कारण प्रमाणपत्राची मुदत संपण्याच्या सुमारास मालक कागद विचारीत नाही. मागच्या आठवड्यात बंद पडलेली शाखा कोणी चालू केली, हे विचारतो.