जुने संगणक आणि गावभराची कागदपत्रे

म्हापशाच्या बाजारात असो वा फोंड्याच्या तिस्कावर, सकाळी दहाच्या सुमारास कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात डोकावले तर एकच दृश्य दिसते. कुणाला गृह आधारचा अर्ज भरायचा असतो, कुणाला लाडली लक्ष्मीचा, तर कुणाला मुलाच्या प्रवेशासाठी रहिवासी दाखल्याची प्रत हवी असते. ग्राहक आपल्या मोबाईलवरून आधार कार्ड, पॅन कार्ड आणि बँकेच्या पासबुकाचे पहिले पान दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. ते दुकानातील संगणकावर उतरते, छापले जाते आणि ग्राहक पैसे देऊन निघून जातो. कागद त्याच्यासोबत जातो, फाईल मात्र मागे राहते. दिवसाला पन्नास ग्राहक धरले तरी वर्षाअखेरीस त्या एका संगणकात अख्ख्या गावाची ओळख साठलेली असते.

हा संगणक बहुधा सात-आठ वर्षांचा असतो आणि त्यावर विंडोज १० चालते. २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आलेल्या या प्रणालीचा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही, दुसऱ्या दिवशीही पूर्वीसारखाच सुरू झाला, आणि म्हणूनच अनेकांना काही घडल्याचे जाणवलेही नाही. घडले ते इतकेच की, प्रणालीत यापुढे सापडणाऱ्या सुरक्षा-त्रुटी बुजवणाऱ्या मोफत दुरुस्त्या आपोआप येणे थांबले. घराच्या भिंतीला नवी भेग पडली तर ती बुजवायला आता गवंडी येणार नाही, असा त्याचा अर्थ. घरगुती वापरकर्त्यांसाठी कंपनीने एक वर्षाची वाढीव सुरक्षा योजना ठेवली आहे. संगणकाची मांडणी मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडून ती विनाशुल्क घेता येते, अन्यथा तीस डॉलर मोजावे लागतात. ही मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. योजनेत नाव नोंदवावे लागते, आणि नोंदवले नाही तर काहीच मिळत नाही.

मग सरळ विंडोज ११ का घेऊ नये? अडचण यंत्राची आहे. नव्या प्रणालीला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि ठरावीक पिढीनंतरचाच प्रोसेसर चालतो. इंटेलच्या बाबतीत ती मर्यादा साधारणपणे आठव्या पिढीची, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धानंतरची आहे. त्यापूर्वी घेतलेला संगणक कितीही धडधाकट असला तरी अधिकृतपणे अपात्र ठरतो. शाळांच्या प्रयोगशाळा, लहान पतसंस्था, वाचनालये, देवस्थानांची कार्यालये आणि छापखाने यांच्याकडील कितीतरी यंत्रे याच गटात मोडतात.

हा प्रश्न आजच महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी हेरगिरीचे बदललेले रूप पाहायला हवे. स्पायवेअर म्हटले की आपल्याला २०२१ मध्ये गाजलेले पेगॅसस आठवते आणि ‘आमच्यावर पाळत ठेवून कुणाला काय मिळणार’ असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु सामान्य माणसाच्या संगणकात शिरणारे स्पायवेअर कुणा एकाची निवड करत नाही. ते जाळे टाकते. ‘इन्फोस्टीलर’ म्हणून ओळखली जाणारी ही जात ब्राउझरमध्ये जतन केलेले पासवर्ड, कार्डांचे तपशील आणि कागदपत्रे गोळा करते व काही मिनिटांत परक्या सर्व्हरकडे रवाना करते. त्यानंतर हा माल गुन्हेगारी बाजारात घाऊक भावाने विकला जातो. ‘लुमा’ हे अशांपैकी एक. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकी न्याय खाते आणि युरोपोल यांच्यासोबत त्याचे जाळे तोडले. त्याआधीच्या केवळ दोन महिन्यांत जगभरातील ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणक त्याने बाधित झाल्याचे आढळले होते.

यातील सर्वांत घातक चोरी पासवर्डची नाही, ‘सेशन कुकी’ची आहे. आपण एकदा ई-मेलमध्ये प्रवेश केला की ब्राउझर एक लहानशी खूणचिठ्ठी जपून ठेवतो आणि त्यामुळे पुन्हापुन्हा पासवर्ड विचारला जात नाही. ही चिठ्ठीच चोराच्या हाती पडली, तर अनेकदा त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. आपण दाराला दुहेरी कुलूप लावावे आणि चोर मात्र आधीच आत घेतलेल्या पाहुण्याच्या वेषात वावरावा, तसा हा प्रकार.

हे सॉफ्टवेअर आत येते तरी कसे? बहुतेक वेळा आपणच त्याला हात धरून आत आणतो. मराठी मुद्रणाच्या व्यवसायात हे मी जवळून पाहिले आहे. मी जिथे मुद्रितशोधक म्हणून उमेदवारी केली, तिथे एका संगणकाचा अँटिव्हायरस कायमचा बंद ठेवलेला असे. कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ‘तो चालू केला की फाँट चालत नाही.’ फाँट चोरीचा होता, आणि ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ ही सूचना त्याच्यासोबतच आली होती. सशुल्क टंकलेखन प्रणाली, चित्रसंपादनाची साधने किंवा हिशेबाची सॉफ्टवेअरे यांच्या ‘क्रॅक’ प्रतींसोबत ही सूचना हमखास असते, आणि पहारेकऱ्याला घरी पाठवायला सांगणारा पाहुणा कोण असतो हे वेगळे सांगायला नको. विशेष म्हणजे साध्या मराठी लेखनासाठी आज या उठाठेवीची गरजच उरलेली नाही. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कळफलक पूर्वीपासून आहे, आणि २०१९ च्या सुधारणेपासून उच्चारानुसार टंकलेखनाची सोयही अंगभूत मिळते.

दुसरा मार्ग अधिक नवा आहे. एखादे संकेतस्थळ उघडताच ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा’ अशी चौकट येते. ती नेहमीसारखे चित्र निवडायला सांगत नाही. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, शेवटी एंटर दाबा, असे सांगते. वापरकर्ता निमूटपणे तसे करतो आणि आपल्याच हाताने चोराची आज्ञा संगणकाला देतो. खरी पडताळणी कधीही अशी बटणे दाबायला सांगत नाही, एवढे एक वाक्य घरातील ज्येष्ठांना आणि मुलांना सांगून ठेवले तरी मोठा अनर्थ टळेल.

अद्ययावत राहण्याचे महत्त्व २०१७ च्या मे महिन्यात जगाने अनुभवले आहे. दीडशेहून अधिक देशांत पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती किंवा ज्यांची प्रणाली आधारबाह्य झाली होती, तेच भरडले गेले. अर्थात केवळ अद्ययावत प्रणालीने सारे साधते असेही नाही, कारण आपण स्वतः दिलेली आज्ञा कोणतीही दुरुस्ती रोखू शकत नाही. दुरुस्ती आणि सावधगिरी या दोन्हींची जोड लागते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. संगणक मंद झाला म्हणजे त्यात स्पायवेअर शिरले, असे बहुतेकजण समजतात. वस्तुतः आजचे इन्फोस्टीलर इतके हलके असते की काम उरकून ते जाते आणि यंत्राच्या वेगात फरकही पडत नाही. मंदपणाची कारणे बहुधा साधी असतात. संगणक सुरू होताच डझनभर प्रोग्राम आपोआप जागे होतात, डिस्क काठोकाठ भरलेली असते, रॅम अपुरी असते, किंवा पंख्यात धूळ साचलेली असते. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद खोलीतील यंत्राला दमटपणाही बाधतो. टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’ यादीतून अनावश्यक नोंदी बंद करणे, न वापरलेले प्रोग्राम आणि ब्राउझरची अनोळखी एक्स्टेन्शन काढून टाकणे, डिस्कवर पुरेशी जागा मोकळी ठेवणे, आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवणे हे खरे उपाय. एसएसडीने जुन्या यंत्रात जेवढा फरक पडतो, तेवढा कोणत्याही ‘वेगवर्धक’ सॉफ्टवेअरने पडत नाही.

उलट अशा वेगवर्धकांपासूनच जपायला हवे. २०१७ मध्ये ‘सीक्लीनर’ या लोकप्रिय सफाई-साधनाच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक संहिता घुसवली होती, आणि सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर ती पोहोचली. चूक त्या वापरकर्त्यांची नव्हती. परंतु जितकी साधने अधिक तितकी दारे अधिक, हा धडा त्यातून घ्यावा. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी बसवणेही असेच अंगलट येते. ते एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि यंत्र धापा टाकू लागते. विंडोजमधील अंगभूत डिफेंडर किंवा पुण्याच्या क्विक हीलसारखे एखादे विकतचे साधन, यांपैकी एक पुरे, मात्र ते चालू आणि ताजे असावे.

शंका आलीच तर क्रम महत्त्वाचा. प्रथम इंटरनेट तोडावे. मग डिफेंडरची ‘ऑफलाईन’ तपासणी करावी, कारण ती विंडोज सुरू होण्यापूर्वीच चालते आणि लपलेल्या संहितेला पळवाट राहत नाही. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडे बाधित संगणक साफ करण्याची मोफत साधने आहेत. पासवर्ड मात्र त्याच संगणकावरून बदलू नयेत, दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून बदलावेत आणि प्रत्येक खात्यातील ‘सर्व उपकरणांतून बाहेर पडा’ हा पर्याय वापरावा. चोरलेली खूणचिठ्ठी सर्वसाधारणपणे तेव्हाच निकामी होते. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० क्रमांकावर कळवावे. आणि हे सारे घडण्यापूर्वीच महत्त्वाच्या फाईलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी.

अपात्र ठरलेल्या यंत्राचे काय करावे? ते फेकणे हा एकमेव पर्याय नाही. वाढीव योजनेत नाव नोंदवून काही महिन्यांची उसंत मिळते. लेखन, ई-मेल आणि इंटरनेट एवढेच काम असेल, तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू यांसारखी मोफत प्रणाली जुन्या यंत्रावर समाधानकारक चालते. जुन्याच सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या छापखान्यांनी ते यंत्र इंटरनेटपासून कायमचे तोडावे, आणि पेन ड्राइव्ह लावण्यापूर्वी तो दुसरीकडे तपासून घ्यावा.

परंतु सारा भार एकट्या नागरिकावर टाकून भागणार नाही. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने एक निवेदन काढले होते. आधारची छायाप्रत सरसकट कुणाला देऊ नका, इंटरनेट कॅफेतील संगणकावर ई-आधार उतरवू नका आणि उतरवलेच तर प्रती पुसून टाका, असे त्यात म्हटले होते. त्याचा चुकीचा अर्थ लावला जाईल, असे सांगत केंद्र सरकारने दोनच दिवसांत ते मागे घेतले. सल्ला मागे घेतला गेला, धोका मात्र जागच्या जागी राहिला. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातील मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. विदा सुरक्षित ठेवण्यात कसूर केल्यास कमाल दंड २५० कोटी रुपयांपर्यंतचा आहे. पण ज्याच्याकडे बुजवता न येणाऱ्या भेगांचा संगणक आहे, त्या पंचायतीने वा पतसंस्थेने ही जबाबदारी कशी पेलावी, याचे उत्तर दंडाच्या आकड्यात नाही.

ते उत्तर नियोजनात आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात ‘सायबरएज’ योजनेतून विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोहोचवणारे हे राज्य आहे. केरळने शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर रुजवून यंत्रांचे आयुष्य परक्या कंपनीच्या वेळापत्रकापासून सोडवले. गोव्यासारख्या लहान राज्याला प्रत्येक पंचायतीतील आणि शाळेतील संगणकांची मोजदाद करणे, अपात्र यंत्रांवर पर्यायी प्रणाली बसवणे आणि अर्जासोबत शेवटचे चारच अंक दाखवणारे ‘मास्क’ केलेले आधार स्वीकारण्याची सक्त सूचना देणे अवघड नाही.

तोवर वाचकांनी एक साधी गोष्ट करावी. पुढच्या वेळी झेरॉक्सच्या दुकानात गेल्यावर कागद हाती पडताच तेथून निघू नये. ‘भाऊ, माझी फाईल पुसून टाका,’ असे नम्रपणे सांगावे, आणि ती रिसायकल बिनमधूनही गेल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनच दुकानाची पायरी उतरावी.